वापरलेलं घरसामान

कंपनीने फॉर्म पाठवलाय.
वस्तू, नग, अंदाजे किंमत.
वर ठळक अक्षरांत: सर्व सामान वापरलेले असावे.
ती काळजी नको म्हणावं.

पोळपाट, एक. तीन पायांतला एक आखूड.
खाली पुठ्ठ्याची घडी सरकवून
सोळा वर्षं लाटतेय.
श्रीरंग रॉटरडॅमहून फोनवर सांगतो, शून्य लिही.
मग म्हणतो, थांब, शून्य लिहिलं की ते प्रश्न विचारतात.
पाच युरो लिहिले.
पोळपाटाला कळलं तर हसेल.

गॅसचं कनेक्शन परत करायला
सेक्टर पाचला गेले, उन्हातून चालत.
लग्नाच्या महिन्यातली पावती
माळ्यावर चकलीच्या सोऱ्यात सापडली.
खालची सही ओळखू येईना.
माझीच होती.
नवीन आडनाव, सावकाश,
दुरेघी वहीत काढल्यासारखं.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, कारण लिहा.
बदली. मृत्यू. इतर.
मी इतरवर खूण केली.
तिने अनामत मोजून दिली, बाराशे पन्नास.
या घरात घातलेल्यातलं
एवढंच काय ते जसंच्या तसं हातात आलं.

कढीपत्ता रंगाच्या डब्यासकट
तळमजल्यावर लोबोबाईंकडे दिला.
शेंड्याकडून खुडा, असं सांगणार होते.
पण त्या खुडतच होत्या, पाच-सहा वर्षं,
दुपारी मी झोपले की.
मला माहीत होतं.
मला माहीत आहे हे त्यांनाही.
दोघी डब्याकडे बघत उभ्या राहिलो.
मग त्या म्हणाल्या, पाणी मी घालीन.

निषादने घरातल्या सगळ्या प्लगचे फोटो काढलेत.
तिकडची भोकं वेगळी असतात म्हणे.
अडॅप्टर मिळतो गं आई, कशालाही.
कशालाही, मी म्हटलं.

बाबा कोपरीहून आले, सुतळीचा गुंडा घेऊन.
पोरांनी त्यांना टेप दाखवली, टरटर ओढून दाखवली.
तरी एका खोक्याला त्यांनी सुतळी बांधलीच,
गुडघा टेकून, दातांनी ताणून.
त्यांची ती निरगाठ.
सुटत नाही, कापावीच लागते.
जाताना गुंडा विसरले.
बाबा काही विसरत नाहीत.

आता दिव्याच्या कोळीवाड्याकडून
सुकटीचा वास आलाय.
इतकी वर्षं या वेळी खिडकी लावायला धावत होते.
पडदेही उतरवलेत. येऊ दे.

पॅकर्सचा शिवमूरत गोंड्याचा.
कप असे गुंडाळतो की
बाळ न्हाणीतून आणलंय.
प्रत्येक कानाला जुन्या पेपरातलं राशिभविष्य.
त्याचं स्वतःचं घर एका बॅगेतून आलं होतं,
बॅगही भावाची, परत मागितली त्याने.
हे सांगताना त्याचा हात थांबत नाही.

सुपरवायझरने शेवटचा कागद पुढे केला.
सामानात माती, बिया, अन्न,
झाडापानांतलं काहीही नाही, असे मी जाहीर करते.
केलं. या वेळी सही भराभर आली,
आडनावाचा शेवट तर नुसतीच रेघ.

मान वळवली तर शिवमूरतने
ओट्याखालचा कचऱ्याचा डबा उचललेला,
भरलेला, झाकणासकट.
बबल रॅपचे तीन वेढे, वर टेप.
आत सकाळची चहापत्ती, कांद्याची सालं,
निषादच्या पेन्सिलीची टरफलं,
लोबोबाईंकडे नेताना मोडलेली
कढीपत्त्याची एक डहाळी.

इथून न्हावाशेवा तासाभरावर.
पुढे सहा आठवडे नुसतं पाणी.

थांब म्हणायला तोंड उघडलंही होतं.
त्याने मार्करचं टोपण दातात धरून विचारलं,
भाभी, इसपे क्या लिखूँ?

किचन, मी म्हटलं.

त्याने लिहिलं. खाली आकडा, एकतीस.
मग बाजूला एक बाण काढला,
जाडसर, दोनदा गिरवून:
ही बाजू वर.